बुटकी मोटार

नवी कोरी वस्तू माझ्या वाट्याला फार थोड्या वेळा आली आहे. शाळेची पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घ्यायची, ही आमच्या घरची रीत. भूमितीच्या पुस्तकात आधीच्या मालकाने पेन्सिलीने उत्तरे लिहून ठेवलेली असत. त्यांतली निम्मी चुकीची होती हे मला वार्षिक परीक्षेनंतर कळले. पहिली सायकल चुलतभावाची. पहिली स्कूटर एका पोस्टमास्तरांची, आणि तीही नव्या स्कूटरपेक्षा चार पैसे जास्त मोजून. कारण त्या काळी नव्या बजाजसाठी नाव नोंदवले की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, आणि ज्याच्यापाशी स्कूटर होती तो अधिक महिन्यातल्या जावयासारखा भाव खाई. पहिली मोटार म्हणजे तिसऱ्या मालकाकडून आलेली एक फियाट. लग्नात अंगावर जो कोट होता तो थोरल्या भावाचा. तेव्हा वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी एक जुनी मोटार विकत घेतली, यात कुणाला नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटले ते मोटार कोणती घेतली याचे. साताऱ्यासारख्या गावात, महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने बीएमडब्ल्यू घ्यावी, ही गोष्ट आमच्या आळीच्या पचनी पडायला बरेच दिवस लागले.

एक कबुली आधीच देऊन टाकतो. या खरेदीत मी पत्नीशी खोटे बोललो.

या नादाची सुरुवात एका विद्यार्थ्याने केली. माझ्या हातून गणितात दोनदा नापास झालेला हा मुलगा पुढे चाकणला एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर चढला. २०१९ साली पुण्यात एका लग्नात तो भेटला आणि म्हणाला, "सर, मी गावी निघालोय. चला, सोडतो तुम्हाला." त्याची गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली होती. खंबाटकी घाटात त्याने पाय दाबला आणि पुढच्या बाजूने एक आवाज आला. आवाज म्हणण्यापेक्षा तानपुऱ्याच्या जुळलेल्या तारेवरून बोट फिरावे तसे काही तरी. कुठे खरखर नाही, धडधड नाही. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो गालात हसत म्हणाला, "ओळखलंत का सर? एक अधिक ओमेगा अधिक ओमेगाचा वर्ग."

आता हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. ज्यांना गणिताचे वावडे आहे त्यांनी एक परिच्छेद सोडून पुढे जावे, मला राग येणार नाही. एक या संख्येची घनमुळे तीन. वर्तुळाच्या परिघावर एकशेवीस-एकशेवीस अंशांवर ती तिघे उभी असतात, आणि त्यांची बेरीज शून्य होते. त्यांचे वर्ग घेतले तरी तीच तिघे जागा बदलून उभी राहतात, आणि बेरीज पुन्हा शून्य. मोटारीच्या यंत्रात पिस्टन खालीवर होतो आणि प्रत्येक वेळी यंत्राला धक्का देतो. एक धक्का फेऱ्याच्या वेगाचा. त्याच्या पोटात दुसरा लहान धक्का, दुप्पट वेगाचा. नेहमीच्या चार सिलिंडरच्या यंत्रात मोठे धक्के एकमेकांना मारून टाकतात, पण दुप्पट वेगाचे लहान धक्के शिल्लक राहतात. त्यांचीच ती बारीक कंपने आपल्या पायांना लागतात. सहा सिलिंडर एका ओळीत उभे केले, आणि त्यांच्या दांड्या एकशेवीस अंशांनी फिरवल्या, की मोठे धक्केही शून्य आणि लहानही शून्य. नुसते तीनच ठेवले तर ते यंत्राला पाळण्यासारखे पुढेमागे डोलवतात. म्हणून पहिल्या तिघांसमोर उरलेले तिघे आरशातल्या प्रतिबिंबासारखे उभे करतात, आणि तोही झोका मरतो. ही बेरीज मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत होतो. शेवटी 'शून्य' लिहून खाली दोन रेघा मारायच्या आणि हातावरचा खडू झटकायचा. ते शून्य असे तळहाताला जाणवते, हे मला त्या नापास मुलाने दाखवून दिले.

पुढची तीन वर्षे मी वाचनात घालवली. निवृत्त माणसाला वाचायला कारण लागते. कुणी ज्ञानेश्वरी धरतो, मी बायेरिश मोटोरेन वेर्के धरले. म्युनिकच्या या कारखान्याचा इतिहास मोठा चढउताराचा आहे. १९५९ साली तो जवळजवळ विकला गेला होता. एकीकडे श्रीमंतांसाठी मोठ्या मोटारी आणि दुसरीकडे अंड्याच्या आकाराची चिमुकली इसेटा, असा त्यांचा संसार. मधल्या माणसाला परवडेल असे काहीच नाही. डिसेंबरच्या सभेत डाइमलर-बेन्झने तो गिळंकृत करायचा, असे घाटत होते. पण लहान लहान भागधारकांनी बंड केले, बेत हाणून पाडला, आणि मग हेर्बर्ट क्वांट या धनिकाने आपला पैसा त्यात घातला. १९६१ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात त्यांची १५०० ही मधल्या माणसाची मोटार आली. चार दारे, मागे मुलाबाळांना जागा, आणि तरीही चालवणाऱ्याला मौज वाटेल अशी. मला हवी होती तिची ती आजी म्हणायची. ही हकीकत मी पत्नीला मोठ्या रंगात येऊन सांगितली. तिने शेंगा सोलता सोलता सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "त्या लहान भागधारकांना पुढं काय मिळालं?"

ती चौतीस वर्षे बँकेत रोखपाल होती. संध्याकाळी रोकड एका रुपयाने चुकली तर तो सापडेपर्यंत घरी न येणाऱ्या जातीची. आमच्या घरी बँकेचे व्यवहार तिच्याकडे आणि पोस्टाचे माझ्याकडे, अशी कामाची वाटणी फार जुनी. पोस्टातली काही बचतपत्रे माझ्या नावावर होती. ती तिच्या उजव्या गुडघ्यासाठी राखून ठेवायची, असे आमचे ठरले होते. गुडघा झिजला होता; डॉक्टरांनी बदलायला सांगितले होते; तीच 'यंदा नको, पुढच्या वर्षी' करीत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये पत्रांची मुदत भरली, आणि ऑक्टोबरमध्ये माझ्या लेकीने मोबाइलवर एक जाहिरात शोधून दिली: २०१० सालची ३३०आय, रंग काळसर निळा, ऐंशी हजार किलोमीटर, पुणे.

विकणारे गृहस्थ निवृत्त अभियंते होते. त्यांनी आधी मोटार दाखवलीच नाही. चहा दिला आणि कागदांचे एक जाडजूड बाड माझ्यापुढे ठेवले. बारा वर्षांतली दुरुस्तीची प्रत्येक पावती तारखेवार लावलेली. जुनी गाडी घेताना रंगाच्या चकाकीकडे बघू नये, पावत्यांवरचे किलोमीटरचे आकडे चढत्या क्रमाने आहेत ना ते बघावे, असे माझ्या मिस्त्रीने बजावले होते. मी गणिताच्या पेपरासारखे सगळे तपासले. आकडे चढत होते. मिस्त्रीने गाडीला यंत्र लावून तिच्या पोटातल्या तक्रारी वाचल्या. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर किती झिजले आहे तेही वाकून पाहिले, कारण ते किलोमीटरच्या काट्यासारखे मागे फिरवता येत नाही. तेलाची पातळी बघायची काडी शोधण्यात मात्र त्याची पाच मिनिटे गेली. ती या यंत्रात नाहीच. पातळी समोरच्या पडद्यावर दिसते. "काडी न्हाई? मग बघायचं कसं?" असे म्हणून त्याने जर्मनीला जो नमस्कार केला, त्यात आदर किती आणि कीव किती हे मला अजून ठरवता आलेले नाही.

किंमत ठरली पावणेआठ लाख. एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. किल्ली देताना त्या गृहस्थांनी एकच सांगितले, "तेल गरम होईपर्यंत पळवू नका. सकाळी उठल्या उठल्या माणूस पळत नाही." आणि ते वळून आत गेले, गाडी फाटकाबाहेर पडताना पाहायला थांबले नाहीत.

घरी मी किंमत साडेपाच लाख सांगितली. वरचे सव्वादोन लाख पोस्टाचे. ती बचतपत्रे 'पुन्हा गुंतवली' असे मी पत्नीला सांगितले. त्या वेळी हे वाक्य मला फारसे खोटेही वाटले नव्हते.

नारळ फुटला, चाकांखाली लिंबे गेली, शेजाऱ्यांना पेढे वाटून झाले. शेजारच्या नानांनी बॉनेटवरच्या निळ्यापांढऱ्या बिल्ल्याकडे बोट दाखवून 'हा विमानाचा पंखा बरं का' असे आपल्या नातवाला सांगितले. ते रंग बव्हेरियाचे, आणि पंख्याची गोष्ट १९२९ च्या एका जाहिरातीनंतर चिकटलेली, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते; पण आजोबांना नातवासमोर दुरुस्त करू नये. मग पत्नी बसायला आली. दार उघडून ती क्षणभर थांबली. एका हाताने दाराची कड धरली, दुसरा हात छपराला लावला, आणि उजवा पाय लांब ठेवून हळूहळू खाली, आणखी खाली गेली. बसल्यावर म्हणाली, "किती बुटकी मोटार घेतलीत हो!" सगळे हसले. मीही हसलो. तिच्या कपाळावर घाम आला होता तो मी पाहिला होता.

गाडी चालवण्यातले सुख मी लपवणार नाही. पहाटे साडेपाचला उठून मी एकटाच बाहेर पडू लागलो. तेल गरम होईपर्यंत कास रस्त्याला सावकाश, आणि मग यवतेश्वरच्या वळणांवर जरा मोकळे सोडायचे. या गाडीचे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास समसमान वाटलेले असते. त्यासाठी बॅटरीसुद्धा मागे डिकीत नेऊन ठेवली आहे. यंत्राची पेटी हलकी व्हावी म्हणून मॅग्नेशियमची. पण मॅग्नेशियमला पाणी सोसत नाही, म्हणून जिथे पाणी खेळते तेवढा गाभा अॅल्युमिनियमचा. पुढची चाके फक्त वळायचे काम करतात, ढकलायचे काम मागची. स्टिअरिंगला वीज नाही, तेलाचा दाब आहे. त्यामुळे रस्ता कोरडा आहे का ओला, खडी सुटली आहे का, हे तळहाताला असे कळते की जणू पालथ्या हाताने कुणाचा ताप पाहावा. वळण आले की गाडी कलत नाही, कुरकुरत नाही. जिथे पाहावे तिथे जाते. आणि चार हजार फेऱ्यांच्या वर ती बेरीज गाऊ लागते. लिटरला शंभराच्या वर गेलेले पेट्रोल आठ किलोमीटर नेते, हे त्या वेळी आठवत नाही. एकदा यंत्र चालू ठेवून त्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि पत्नीला मुद्दाम अंगणात बोलावले. पाणी नुसते शहारत होते, हिंदकळत नव्हते. "पाहिलंस?" मी म्हटले. तिने पाहिले. "पेला घरातला आहे. घासून आत ठेवा," म्हणाली आणि पायरीचा कठडा धरून वर गेली.

ती माझ्याबरोबर फारशी येत नसे. बसताना-उतरताना होणारा त्रास तिने कधी बोलून दाखवला नाही; 'काम आहे' म्हणे. मला तो त्रास दिसत असे, आणि दिसला की मी आणखी पहाटे निघत असे.

ऑगस्ट २०२३ मधल्या एका रविवारी मात्र ती आली. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला जायचे, धुके बघायचे, मक्याचे कणीस खायचे. मला तिला ते गाणे ऐकवायचे होते, म्हणून घाटात मी वेग वाढवला. एका वळणावर पाण्याचे डबके दिसले. नुसते पाणी समजून मी तसाच गेलो. खाली वीतभर खड्डा होता. डाव्या पुढच्या टायरची कूस फाटली, रिम वाकली. गाडी कडेला घेऊन डिकी उघडली तेव्हा आठवले की हिच्यात स्टेपनी नसतेच. कारखान्यातून निघताना हिला हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतात. आधीच्या मालकांनी ते महाग आणि कडक म्हणून काढून साधे घातले होते. ते त्यांनी मला सांगितलेही होते. स्टेपनीची सोय करायचे मी सहा महिने उद्यावर टाकत आलो होतो. म्हणजे चूक शोधायला गाडीच्या बाहेर कुठे जायला नको होते.

त्या मापाचा टायर वाईत मिळेना. साताऱ्याहून गाडी उचलून नेणारा ट्रक यायला अडीच तास. पाऊस भुरभुरत होता. ती घाटाच्या कठड्यावर छत्री धरून बसली. चार माकडे समोर येऊन बसली आणि आमच्याकडे बघू लागली.

"किती खर्च येईल?" तिने विचारले.

"सात-आठ हजार," मी म्हणालो. खरे तर मी मिस्त्रीला फोन करून झाला होता. एक टायर नवा आणि शेजारचा झिजलेला चालत नाही. दोन्ही पुढचे घ्यावे लागणार, रिम सरळ करावी लागणार. पस्तीस हजारांच्या खाली काही नव्हते. आकडा तोंडातून किती सहज गेला याचे माझे मलाच भय वाटले. वर्षापूर्वी साडेपाच लाख म्हणताना निदान जीभ अडखळली होती.

मी तिच्याकडे न बघता सगळे सांगून टाकले. आधी पस्तीस हजार. मग पावणेआठ लाख. मग बचतपत्रे.

ती ओरडली नाही. तिने छत्री मिटली, जराशाने पुन्हा उघडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी बँकेत किती वर्षं होते?"

"चौतीस."

"इतक्या लोकांनी माझ्यासमोर खोट्या सह्या केल्या. प्रत्येकाचा हात मला कळायचा." पुढे काही बोलली नाही.

ट्रक आला. बसायला ड्रायव्हरशेजारची जागा, तिची पायरी कमरेएवढी उंच. मी हात पुढे केला. तिने तो धरला नाही. क्लीनरच्या पोराचा धरला. पोराने "दमानं आजी, दमानं" म्हणत तिला वर ओढले. गुडघा वाकताना तिच्या तोंडून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण घरी ती तो दाबत असणार. साताऱ्यापर्यंत आम्ही दोघे ड्रायव्हरच्या गप्पांना हूं हूं करत आलो.

रात्री जेवणानंतर तिने कपाटातून एक कोरी वही काढली, रेघा आखल्या, आणि वही आणि पेन माझ्यापुढे ठेवले. "लिहा. पहिल्या दिवसापासून. तुमच्या अक्षरात."

मी लिहिले. किंमत, हस्तांतराचा खर्च, विमा, दोनदा तेल, ब्रेकच्या पट्ट्या, पहाटेचे पेट्रोल. दोन तास लागले. तिने बेरीज तपासली. एके ठिकाणी हातचा चुकला होता तो दाखवला. मी म्हटले, "गाडी विकतो." तिने मिस्त्रीला फोन लावून आज काय येतील ते विचारले आणि फोन ठेवून म्हणाली, "वाकलेल्या रिमसकट पाच येतील. माझे सव्वादोन बुडवलेत, आता आणखी पावणेतीन बुडवायचे? ठेवा ती." हा क्षमेचा आवाज नव्हता. कॅश काउंटरच्या जाळीमागचा होता.

जानेवारी २०२४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पैसे तिच्या बँकेतल्या ठेवीचे. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याजात जी खोट आली ती वहीत माझ्या नावावर लाल शाईने चढली. २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली नसती तर लाल आकडा आणखी मोठा झाला असता. रुग्णालयातून तिला घरी आणले ते नानांच्या उंच गाडीतून. सखल आसनावर सध्या बसायचे नाही, असे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितले होते. आमची बुटकी मोटार कापड पांघरून अंगणात उभी राहिली. मी पहाटे उठत होतो, पण बर्फाच्या पिशव्या भरायला.

गुडघा किती वाकतो हे रोज मोजायचे असते. घरात माझा फळ्यावरचा लाकडी कोनमापक होता. तो मी माळ्यावरून काढला. पहिल्या आठवड्यात पासष्ट अंश. मग ऐंशी. नव्वदला ती आठ दिवस अडकली, आणि त्या आठ दिवसांत आमचे बोलणे पुन्हा हळूहळू पहिल्यासारखे होऊ लागले. कारण रोज संध्याकाळी मी तिच्या पायाशी कोनमापक धरून बसे, आणि मी दोन अंश वाढवून सांगतो आहे की काय हे ती चष्मा लावून स्वतः वाचून बघे. मी वाढवून सांगत नव्हतो. मार्चअखेर एकशेदहा झाले.

९ एप्रिलला पाडवा होता. गुढी उभारून झाल्यावर ती म्हणाली, "कापड काढा त्या गाडीवरचं." आसन विजेच्या बटणाने वर घेता येते, मी ते होते तितके वर घेतले. तिने दार उघडले. मी शेजारी उभा होतो, हात पुढे केला नव्हता. ती आधी पाठमोरी टेकली, मग दोन्ही पाय एकत्र आत घेतले, जसे शिकवले होते तसे. मग माझ्याकडे वर बघत म्हणाली, "उभे काय राहिलात? तेल गरम करायचं असतं ना?"

वाईपर्यंत सावकाश गेलो. पसरणीच्या घाटात ते वळण आले. खड्डा बुजवला होता; नव्या डांबराचा काळा चौकोन उन्हात चकाकत होता. मी वेग कमी केला.

"इथंच ना?" तिने विचारले.

"इथंच."

वळण मागे पडले. पुढे चढाचा सरळ तुकडा होता, समोरून कोणी येत नव्हते. "आता न्या की जरा जोरात," ती म्हणाली. "त्या दिवशी ते तुमचं शून्य नीट ऐकायचं राहूनच गेलं."

संध्याकाळी वही निघाली. पेट्रोल दोन हजार, पाचगणीला पार्किंग पन्नास, कणसे साठ. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. चहाचे तीस मी विसरलो होतो. तिने आठवण केली.